मदत हवी आहे : एअरबॅग रिकॉलमधली जुनी गाडी, सर्व्हिस सेंटर तारीखच देत नाही

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी रत्नागिरीला बाबांसाठी २०१२ ची सेकंडहँड गाडी घेतली. परवा सहज कंपनीच्या वेबसाइटवर १७ अक्षरी चासी नंबर टाकला, तर लाल अक्षरांत आलं : ड्रायव्हरच्या बाजूचा ताकाता (जपानी कंपनी) एअरबॅग इन्फ्लेटर, म्हणजे एअरबॅग फुगवणारा भाग, बदलणे बाकी. रिकॉलचं, म्हणजे सदोष भाग बदलण्यासाठी गाडी परत बोलावल्याचं, पत्र बहुतेक आधीच्या मालकाकडे गेलं असणार.

तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट असतं. वर्षानुवर्षं ऊन आणि दमट हवा खाऊन ते बिघडतं, आणि एअरबॅग उघडताना धातूचं कवचच फुटून तुकडे चेहऱ्यावर, मानेवर येतात. अमेरिकेत असे सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर परत मागवावे लागले. आमच्या गाडीने तर कोकणातले इतके पावसाळे काढलेत!

सर्व्हिस सेंटरमध्ये तीनदा जाऊन आलो. "पार्ट आला की फोन करू, तोवर सांभाळून चालवा." सांभाळून म्हणजे काय? समोरून कुणी ठोकरलं तर? बाबांकडून चावी काढून घेतलीय, ते रोज रिक्षाने बाजारात जातात.

कुणी हे काम करून घेतलंय का? पार्ट यायला किती दिवस लागले? कंपनीच्या मुख्य कार्यालयाला ईमेल केल्यावर हालचाल होते का? २०२१ पासूनचा सक्तीच्या रिकॉलचा नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी आहे, मग आमच्यासारख्यांनी ग्राहक आयोगाकडे जावं का? अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.