मदत हवी आहे: मोन्सांतो (पोर्तुगाल), जुनी चर्च आणि आईचे गुडघे

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात आईला घेऊन पोर्तुगालला जायचं ठरतंय. लिस्बन आणि पोर्तो नक्की आहे, पण माझा जीव अडकलाय तो स्पेनच्या सीमेजवळच्या मोन्सांतोत. ग्रॅनाइटच्या अजस्र धोंड्यांच्या मधल्या जागेत भिंती घालून तिथे घरं बांधली आहेत. काही घरांना धोंडा हेच छप्पर! १९३८ च्या स्पर्धेत हे पोर्तुगालमधलं 'सर्वांत पोर्तुगीज गाव' ठरलं. बक्षीस मिळालं चांदीचा कोंबडा, म्हणून घड्याळाच्या मनोऱ्यावर अजूनही कोंबडा आहे. हल्ली एका ड्रॅगनवाल्या मालिकेमुळे गर्दी वाढली आहे म्हणे.

मला मात्र किल्ल्याजवळचं साओ मिगेलचं चॅपेल बघायचंय. बाराव्या शतकातलं, आता बिनछपराचं, भोवती खडकात कोरलेल्या कबरी. गोव्यातली आणि वसई किल्ल्यातली चर्च पाहिली, पण ती सोळाव्या शतकापासून पुढची. वास्को द गामा निघायच्याही तीनशे वर्षं आधी त्यांच्या खेड्यात देऊळ कसं बांधत होते, ते पाहायची हौस आहे.

अडचण अशी की हे सगळं डोंगराच्या माथ्यावर, वाट चढाची आणि खडबडीत. आईचे गुडघे दुखतात. ती निम्म्यात बसून राहील असं म्हणते, पण बसायला सावली, चहा-कॉफी काही आहे का? पायथ्याला साओ पेद्रो दे विर-आ-कोर्साचं चॅपेलही जुनंच आहे, तिथे टॅक्सी अगदी जवळ जाते का? गावातली चर्च एरवी कुलूपबंद असतात का, आणि किल्ली कोणाकडे मागायची?

लिस्बनहून कास्तेलो ब्रांकोपर्यंत रेल्वे आहे, पुढचं कळत नाही. रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवायचा मला धीर नाही. बस शनिवार-रविवारी असते का? टॅक्सीवाला इदान्या-आ-वेल्या दाखवून परत आणेल का? तिथे रोमन काळातलं शहर होतं, जुनं कॅथेड्रलही आहे, ते सोडवत नाही.

शिवाय मेच्या सुरुवातीला क्रूसांचा उत्सव असतो. बायका चौकोनी डफ वाजवत गडावर जातात आणि तटावरून फुलांनी भरलेलं मडकं खाली टाकतात. आईला तेच बघायचंय. त्या दिवसांत गावात खोली मिळते का, की आत्ताच धरून ठेवू?

सिंत्राला जा असं कृपया सुचवू नका, ते यादीत आहे.