डॉ. कोटणीसांच्या लेखासाठी बायदू बायकचा संदर्भ चालेल का?

सोलापुरी_चादर
मराठी विकिपीडियावर डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या लेखात भर घालायची आहे. १९३९ नंतरच्या त्यांच्या चीनमधल्या कामाबद्दल मराठीत जे सहज मिळतं ते फारच त्रोटक आहे. बायदू बायक या चिनी ऑनलाइन ज्ञानकोशावर मात्र त्यांचं मोठं पान आहे आणि खाली तळटिपाही आहेत. चिनी मला बेताचंच येतं, बाकी मदार ब्राउझरच्या भाषांतरावर.
ते पान संदर्भ म्हणून देता येईल का? मजकूर भाषांतर करून घेतला तर? तिथले जुने फोटो कॉमन्सवर (विकिपीडियाच्या मुक्त चित्रसाठ्यावर) चढवता येतील? आणि 'हुदोंग' नावाच्या दुसऱ्या चिनी ज्ञानकोशाचा उल्लेख सापडतो, तो जास्त भरवशाचा आहे का?

तळटीप
संदर्भ म्हणून देऊ नका. इंग्रजी विकिपीडियाने २०२० मध्येच बायकला टाळायच्या स्रोतांच्या यादीत टाकलंय आणि मराठीतही तीच शिस्त पाळलेली बरी.

बायक हा बायदू या सर्च इंजिन कंपनीचा प्रकल्प, एप्रिल २००६ पासूनचा. लिहिणारे सदस्यच असतात, पण खातं काढावं लागतं आणि त्याला मोबाईल नंबर जोडावा लागतो. बदल सादर केला की तो लगेच पानावर येत नाही. कंपनीची तपासणी पार झाली तर दिसतो, नाहीतर परत येतो. या तपासणीमुळे 'कोणीतरी तपासलंय' असा वाचकाचा समज होतो आणि घोळ तिथेच आहे. चिनी कायद्यानुसार मजकुराची जबाबदारी कंपनीवर येते, त्यामुळे तिची नजर आधी राजकीयदृष्ट्या अडचणीच्या मजकुरावर आणि जाहिरातबाजीवर असते. १९४२ मधली एखादी तारीख मूळ कागदाशी ताडून पाहिली जाईल, अशी अपेक्षा तिच्याकडून धरू नका. विज्ञान आणि वैद्यकातल्या काही पानांवर तज्ज्ञांनी तपासल्याची पट्टी असते. ती ज्या पानावर आहे त्याच पानापुरती धरायची.

एक लक्षात असू द्या. कोटणीस हे चीनमध्ये सरकारी गौरवाचं नाव आहे, त्यामुळे पानावर काय आहे याबरोबर काय येऊ शकत नाही याचाही विचार हवा. कोटणीस ज्यातून चीनला गेले त्या भारतीय वैद्यकीय मिशनमधले मतभेद, चिनी कम्युनिस्ट पक्षाशी संबंधित वादाचे मुद्दे अशा गोष्टींसाठी बायकवर विसंबू नये.

पानोपानी
संदर्भ नको हे मान्य, पण स्रोत शोधायला बायक उत्तम आहे. वापरायचं कसं ते सांगतो.

गूगलवरून शोधत बसू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये बायकने आपल्या रोबोट्स फाइलमधून (सर्च इंजिनांना काय वाचता येईल ते सांगणारी फाइल) गूगल आणि बिंगच्या क्रॉलरना, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमना, बंदी घातली. थेट बायकच्या शोधपेटीत नाव टाका. चिनी लिपीतलं नाव विकिपीडियाच्या लेखातल्या 'इतर भाषा' यादीतून चिनी लेख उघडला की मिळतं. कोटणीस म्हणजे 'के दिहुआ'. मिशनमधल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी 'हुआ' आहे, नागपूरचे डॉ. चोळकर तिथे 'झुओ केहुआ' नावाने सापडतील. एकाच नावाच्या अनेक नोंदी असल्या तर पत्त्यात नावापुढे एक आकडा असतो. टाचणात तो आकड्यासकट उतरवा, नाहीतर पुढच्या वेळी भलतंच पान उघडतं.

आता तळटिपा. प्रत्येकीत शीर्षक, प्रकाशकाचं नाव आणि एक तारीख असते. ही तारीख बहुतेक जण चुकीची उतरवतात. सदस्याने तो स्रोत कधी पाहिला, त्याची ती तारीख आहे. बातमी कधी छापली त्याची नव्हे. प्रकाशनाची तारीख मूळ पान उघडूनच घ्यायची. दुवाही आधी बायकच्याच पत्त्यावरून फिरून पुढे जातो, म्हणून शेवटी उघडलेल्या पानाचा पत्ता कॉपी करा आणि त्याची प्रत लगेच इंटरनेट आर्काइव्हसारख्या वेब-संग्रहात जतन करा. जुने चिनी दुवे फार लवकर मरतात.

सगळ्यात मोठा धोका गोल फिरणाऱ्या संदर्भाचा. एखादं बातमीचं संकेतस्थळ बायकवरून परिच्छेद उचलतं, मग कोणीतरी तीच बातमी बायकच्या तळटिपेत टाकतं. हे ओळखायला पानाचा इतिहास उघडा आणि ते वाक्य पहिल्यांदा कोणत्या आवृत्तीत आलं ते पाहा. वाक्य बातमीच्या आधीपासून पानावर असेल आणि शब्दही तेच असतील, तर ती बातमी पुरावा म्हणून धरू नका.

उदाहरणार्थ, जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. हे वाक्य बायकवरून न घेता रुग्णालयाचं स्वतःचं प्रकाशन किंवा शिन्हुआ या चिनी सरकारी वृत्तसंस्थेचा जुना लेख गाठा. गावांची नावंही जपून लिहा. त्या काळच्या कागदांत 'जिन-चा-जी सीमाप्रदेश' असतं, आजच्या लिखाणात हेबेई प्रांत, तांग परगणा. यंत्रभाषांतरात ही दोन वेगळी ठिकाणं वाटू शकतात.

हक्कसोड
मजकुराचं भाषांतर अजिबात नको. विकिपीडियाचा मजकूर मुक्त परवान्याखाली असतो, बायकचा नसतो. भाषांतर हेही मूळ मजकुराच्या हक्कात येतं, त्यामुळे तसा परिच्छेद काढून टाकला जाईल. उलटंही घडतं: बायकवरचा काही मजकूर विकिपीडियावरून श्रेय न देता उचललेला असतो. विकिमीडिया फाउंडेशनच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी २००७ मध्ये याबद्दल जाहीर तक्रार केली होती. म्हणून आधी चिनी विकिपीडियाचा लेख शेजारी उघडून ताडून पाहा. तोच मजकूर तिथे असेल तर तिथून घ्या आणि संपादन-सारांशात मूळ लेखाचा दुवा द्या. तथ्यं मात्र कोणाच्या मालकीची नसतात. दोन-तीन मूळ स्रोत वाचून आपल्या शब्दांत लिहायला कसलीच हरकत नाही.

फोटोंचं उत्तर 'कदाचित' असं आहे. १९३८ ते १९४२ च्या काळात चीनमध्ये छापलेला फोटो असेल तर तिथल्या कायद्याने हक्क संपलेला असतो, कारण जुन्या फोटोंना प्रकाशनापासून ५० वर्षांचं संरक्षण होतं. कॉमन्सवर मात्र तो *कुठे आणि कधी छापला* हे दाखवावं लागतं आणि बायकच्या चित्रसंग्रहातून ते सहसा कळत नाही. त्यात कोपऱ्यात बायदूचा शिक्का असतो. तो खोडून चढवू नका. तोच फोटो जुन्या नियतकालिकात किंवा पुस्तकात शोधा आणि त्या पानाची स्कॅन वापरा. कुटुंबाच्या संग्रहातला, कधीच न छापलेला फोटो असेल तर हे नियम लागू होत नाहीत, परवानगीच लागेल.

तळटीप
हुदोंगबद्दल राहिलं. तो २००५ मध्ये बीजिंगमध्ये पान हायदोंग यांनी सुरू केला, म्हणजे बायकच्याही आधी. बायदू आपली पानं शोधात मागे ढकलते अशी तक्रार त्यांनी २०११ मध्ये सरकारी नियामकाकडे केली होती. पण पैशाचं गणित तिथेही आडवं आलंच. १५ मार्च २०१७ च्या ग्राहक दिनाच्या कार्यक्रमात सीसीटीव्ही या चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने दाखवलं की पैसे भरून प्रमाणित करून घेतलेल्या नोंदींत औषधांच्या खोट्या जाहिराती होत्या. पुढे तो टिकटॉकवाल्या बाइटडान्स कंपनीकडे गेला. जास्त भरवशाचा म्हणता येणार नाही. बायकवर न सापडलेली एखादी तळटीप तिथे मिळते का, एवढ्यापुरता बघा.

सोलापुरी_चादर
मग १९३९ ते ४२ साठी सुरुवात कुठून करू?

पानोपानी
मिशनमधले डॉ. बी. के. बसू यांची रोजनिशी इंग्रजीत छापलेली आहे, आधी ती. मग कोटणीसांच्या पत्नी गुओ छिंगलान यांच्या आठवणी. दोन्हींत तारखा जिथे जुळत नाहीत तिथे दोन्ही द्या आणि कोणाचं म्हणणं काय ते वाक्यातच लिहा. बायक फक्त नावांची चिनी रूपं आणि तळटिपांची यादी काढायला उघडा.