पावसाळी बुटांसाठी चरबी-मेणाचं घरगुती मलम: प्रमाण आणि कृती?

घाटमाथा_सातारा
फुल ग्रेन (वरचा मूळ पृष्ठभाग न घासलेल्या) चामड्याचे, टाके घातलेल्या सोलचे घोट्याच्या वर येणारे बूट आहेत. जून ते सप्टेंबर कास, बामणोली, ठोसेघर या भागात चालणं होतं. मटणवाला चरबी देतो आणि महाबळेश्वरकडच्या मधपाळाकडून पोळ्याचं मेण मिळतं, त्यामुळे विकतच्या डबिनऐवजी (चामड्याला चोळायचं चरबी-मेणाचं मलम) घरीच करायचा विचार आहे. तीन प्रश्न: चरबी कशी कढवली म्हणजे वास मारत नाही? प्रमाण काय? आणि काही कृतींत जवसाचं तेल, राळ, टर्पेंटाइन सांगतात, ते घालावं का?

टाका_आणि_तळ
बोकडाची चरबी चालते, पण मागताना गुर्द्याभोवतीची मागा. ती पांढरी, कडक आणि ठिसूळ असते. वितळायला साधारण ४५ ते ५० अंश लागतात, म्हणून बुटावर टिकते. कातडीखालची मऊ चरबी नको, आणि डुकराची तर त्याहून आधी पातळ होते.

कढवण्यावर सगळं अवलंबून आहे, म्हणून ते सविस्तर लिहितो. चरबी तासभर फ्रीजरमध्ये ठेवली की चिरायला सोपी जाते. मांसाचे आणि रक्ताचे धागे काढून बारीक तुकडे करा. कुजका वास येतो तो मुख्यतः आत राहिलेल्या मांसामुळे. एक किलो चरबीला एक लिटर पाणी आणि मोठा चमचाभर मीठ घालून मंद आचेवर दोन-अडीच तास ठेवा. पातेल्यात पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या फार वर जात नाही आणि चरबी करपत नाही, म्हणून पाणी आटू देऊ नका. सुती फडक्यातून गाळा आणि रात्रभर गार होऊ द्या. वर घट्ट वडी जमते, खाली तपकिरी पाणी राहतं. वडीची खालची बाजू सुरीने खरवडून टाका.

मग हीच वडी नव्या पाण्यात, या वेळी मीठ न घालता, पुन्हा उकळा आणि गार करा. असं दोनदा. मीठ मागे राहिलं तर ते चामड्यात उतरतं, दमट हवेत ओलावा ओढतं आणि वाळल्यावर पांढरे डाग देतं. शेवटी पाण्याविना अगदी बारीक आचेवर, तडतड आणि बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग मलम खवट झालं म्हणून बोकडाला दोष देतात. पाण्याचा अंश राहिला की चरबी लवकर बिघडते. किलोमागे ६०० ते ७०० ग्रॅम स्वच्छ चरबी हाती येते. मटणाचा मूळ वास थोडा राहतो, तो बुटावर दोन-तीन दिवसांत विरतो.

प्रमाण वजनाने धरा, वाटीने नको: चरबी १०० ग्रॅम, मेण ५० ग्रॅम, एरंडेल ३० ग्रॅम. उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या कोरड्या पातेल्यात आधी मेण वितळवा (६२ ते ६५ अंश), मग चरबी, शेवटी एरंडेल. थेट आचेवर नाही. भांड्यात पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका. व्हिटॅमिन ई ४०० ची एक कॅप्सूल फोडून घातली तर खवटपणा लांबतो. थंड स्टीलच्या ताटलीवर थेंब टाकून पाच मिनिटांनी बोटाने घासून पाहा: सहज पसरला पाहिजे, पण बोट तेलकट होता कामा नये. भुगा पडत असेल तर एरंडेल वाढवा, बोट तेलाळत असेल तर मेण.

विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात वापरायचं असेल तर मेण ७० ग्रॅमपर्यंत न्या. हिमालयात बर्फात जाणार असाल तर ३० ते ३५ पुरे, कारण जास्त मेण थंडीत कडक होऊन घडीवर तडकतं.

जवसाचं तेल बिलकूल नको. ते हवेत सुकून पापुद्रा धरतं. लाकडाला तेच हवं असतं, पण बूट प्रत्येक पावलाला वाकतो आणि ताठरलेलं चामडं घडीवर चिरतं. राळेने चिकटपणा येतो, धूळ धरते. टर्पेंटाइनने मलम मऊ होतं आणि लवकर मुरतं हे खरं, पण ते डिंकाने चिकटवलेल्या भागांना सैल करतं आणि पेट घेतं. घरच्या स्वयंपाकघरात तर नकोच.

कोकणी_दमट
प्रमाण पटलं. लावण्याबद्दल भर घालतो, कारण बरेच बूट मलमाने नाही, मलमाच्या थराने खराब होतात.

आधी पाण्याचा थेंब टाकून पाहा. थेंब मुरून डाग गडद झाला तर चामडं मलम घेईल. मोत्यासारखा घरंगळला तर वर प्लास्टिकसारखा लेप आहे. अशा बुटावर मलम वरच चोळलेलं राहतं, फायदा फक्त टाक्यांना.

बूट ओल्या फडक्याने पुसून सावलीत पूर्ण कोरडा करा. मग कोवळ्या उन्हात दहा-पंधरा मिनिटं, हाताला कोमट लागेल इतकाच. हेअर ड्रायर वापरला तर लांबून आणि फिरता. ओलं चामडं तापलं की आकसतं आणि ते पुन्हा पूर्वपदावर येत नाही, म्हणून भिजलेला बूट चुलीजवळ किंवा गीझरवर कधीच ठेवू नका. सोलचा डिंकही ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो.

मलम बोटांनीच चोळा. पहिल्यांदा टाके, सोलची कड, जिभेची शिवण. नंतर उरलेलं बाकी बुटावर. पहिल्या वेळी जोडीला १५ ते २५ ग्रॅम पुरतात, पुढे प्रत्येक वेळी ५ ते ८. अर्ध्या तासाने सुती फडक्याने पुसून रात्रभर ठेवा, सकाळी ब्रश. बुटावर पांढुरका थर दिसत राहिला तर ते जास्त झालेलं आहे, काढून टाका.

जास्त चरबीने चामडं लोळागोळा होतं, घोट्याचा आधार जातो, टाच सरकू लागते. शिवाय छिद्रं पूर्ण बुजली की घाम आतच कोंडतो. मोजे ओले होतात आणि आपण म्हणतो बूट गळतोय.

सोलापूरकर_७
एक शंका. मलम लावून कपाटात ठेवलेल्या बुटावर पांढरी भुकटी येते. बुरशी की आणखी काही?

टाका_आणि_तळ
दोन्ही असू शकतं. त्या जागी लांबून कोमट हवा मारा. वितळून गायब झाली तर चरबीतले घट्ट अंश थंडीने वर आलेत, ते निरुपद्रवी आहेत, फडक्याने चोळून परत मुरवा. तशीच राहिली आणि केसाळ किंवा हिरवट दिसत असेल तर बुरशी. ती घराबाहेर कोरड्या ब्रशने झाडा, मग निम्मं पाणी निम्मं पांढरं व्हिनेगर घेतलेल्या फडक्याने पुसा आणि हवेशीर जागी वाळवा. बुरशी असताना वरून मलम चोळणं म्हणजे तिला खाऊ घालणं.

कोकणी_दमट
किनाऱ्याला राहणाऱ्यांनी तर प्लास्टिकच्या पिशवीत बूट ठेवूच नयेत. काही जण मलमात कडुनिंबाचं तेल घालतात. १०० ग्रॅमला २-३ ग्रॅम घाला हवं तर, पण हवा खेळती असणं त्याच्या दसपट कामाचं. आणि बूट रात्री अंगणात नको. उंदीर जीभ कुरतडतात, कुत्रं एक पाय घेऊन जातं. चरबीचा वास आपल्याला येईनासा झाला तरी त्यांना येतो.

वाटाड्या_भोर
दोन गोष्टी कुणी लिहिल्या नाहीत.

स्वेड आणि नुबकवर (मखमलीसारखी लव असलेली चामडी) हे लावू नका, लव कायमची बसते आणि रंग काळवंडतो. आत जलरोधक पडदा असलेल्या बुटांनाही नको. वरचं चामडं बुजलं की त्या पडद्यातून वाफ बाहेर पडायची वाटच बंद होते. त्यांना पाण्यावर आधारित विकतचं मेण बरं.

दुसरं जळवांचं. पावसाळ्यात लोक बुटांना मीठ किंवा तंबाखूचं पाणी चोळतात. मीठ चामड्यातलं तेल-पाण्याचं गणित बिघडवतं. तंबाखू मोज्यांच्या वरच्या पट्टीवर लावा, बुटावर नाही. मीठ लागलंच तर घरी आल्यावर ओल्या फडक्याने दोनदा पुसून मगच वाळवा.

घाटमाथा_सातारा
सगळ्यांचे आभार. मेण शुद्ध आहे की पॅराफिन मिसळलेलं, हे घरी कसं ओळखायचं? आणि एवढं करून ओढ्यात घोट्यापर्यंत पाय गेला तर पाणी अडेल का?

टाका_आणि_तळ
तुकडा हाताच्या उबेत मळा. पोळ्याचं मेण मऊ होऊन मळलं जातं, मधाचा वास येतो, मोडलं तर काप दाणेदार दिसतो. पॅराफिन जास्त असेल तर गुळगुळीत, अर्धपारदर्शक वाटतं आणि बोटांत चुरा होतो. असं मेण बुटाच्या घडीवर पहिल्याच दिवशी तडकेल. थोडी भेसळ मात्र यातून कळत नाही.

ओढ्याचं म्हणाल तर ओलं गवत, चिखल, तासा-दोन तासांचा पाऊस यांना हे पुरतं. पाण्यात उभं राहायला गमबूट. जीभ दोन्ही बाजूंनी कुठपर्यंत शिवलेली आहे ते बघा, त्या उंचीच्या वर पाणी गेलं की कोणतंही मलम निरुपयोगी. भिजलाच तर आतली सुखतळी बाहेर काढा, वर्तमानपत्राचे बोळे भरा, दर दोन-तीन तासांनी बदला, पंख्याखाली ठेवा. पूर्ण वाळल्यावर टाक्यांना पुन्हा एक हात. सतत पावसात असाल तर दोन-तीन आठवड्यांनी, एरवी हंगामात दोनदा.