प्रतिसाद: पाऊस थांबलाय, मग घर सोडायचं कशाला?

पाऊस थांबल्यावर पुराच्या भीतीने घर का सोडायचं, हा वडोदऱ्याच्या समा भागातल्या ताईंचा प्रश्न रास्त आहे, पण इथे आभाळाकडे बघून ठरवू नका. विश्वामित्री नदीला पाणी येतं ते आजवा धरण आणि पावागढ डोंगराकडून, त्यामुळे शहरात ऊन पडलेलं असतानाही नदी चढत राहते. ऑगस्ट २०२४मध्ये ती ३५ फुटांवर गेली होती. शहरातल्या काला घोडा पुलापाशी नदीची पातळी आणि आजवा धरणाची पातळी दोन्ही दर तासाला बघा. दोन्ही चढत असतील आणि घरात म्हातारं माणूस किंवा डायलिसिसचा पेशंट असेल, तर उजेड असतानाच निघा. रात्री गुडघाभर पाण्यात उघडं गटार दिसत नाही, आणि नदीतल्या मगरी तर आहेतच!

निघताना मेन स्विच बंद करा. गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपण लावा आणि सिलिंडर खिडकीच्या गजाला बांधा, रिकामा असेल तर हमखास तरंगतो. तळमजल्याच्या कमोडमध्ये वाळूची पिशवी दाबून ठेवा, कारण घाण पाणी दारापेक्षा आधी तिथूनच वर येतं.

परत आल्यावर पाण्यात बुडालेल्या गाडीला चावी लावायचा मोह आवरा. इंजिनच्या सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि त्या खर्चावरून विमावाले हुज्जत घालतात. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, फोटो घ्या, गाडी टो करून न्या.

जमिनीखालची टाकी उपसून घासा, पुन्हा भरून हजार लिटरला साधारण १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर टाका. दुसऱ्या दिवशी ते सगळं पाणी सोडून द्या. तोवर प्यायला उकळलेलंच.