मदत हवी आहे : आईच्या मधुमेहासाठी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, स्लीव्ह की बायपास?

आई ५२ वर्षांची, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३६. मधुमेह ११ वर्षांचा, गेली तीन वर्षं इन्सुलिन चालू. गोळ्या, पथ्य, रोजचं चालणं सगळं मनापासून केलं, तरी एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ९ च्या खाली येत नाही. सी-पेप्टाइड चांगलं आहे, म्हणजे स्वादुपिंड अजून इन्सुलिन बनवतंय. आमची सगळी आशा त्यावरच. एक सर्जन स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून टाकणं) म्हणतात, दुसरे बायपास (जठर लहान करून थेट पुढच्या आतड्याला जोडणं, हृदयाचं नव्हे). तिला ॲसिडिटीचा जुना त्रास आहे, स्लीव्हनंतर तो वाढू शकतो. बायपासचा शुगरवर परिणाम जास्त, पण त्यानंतर जीवनसत्त्वं कमी शोषली जातात, आणि आई शाकाहारी, बी१२ जीवनसत्त्व आधीच कमी. विम्याच्या अटीत बसते, त्यामुळे खर्चाची अडचण नाही. घरात कुणाची दहा वर्षांहून जुन्या मधुमेहावर ही शस्त्रक्रिया झाली असेल, तर कोणती केली? इन्सुलिन सुटलं का, आणि तीन-चार वर्षांनी पुन्हा सुरू करावं लागलं का?