फीडबॅकची वायर जोडली की गिटार अँप किंचाळतो, आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला का?

तारवाला:
घरी बांधलेला अँप आहे. दोन ईएल८४ व्हॉल्व्ह पुश-पुल (आळीपाळीने काम करणारी जोडी), कॅथोड बायस, बी-प्लस (व्हॉल्व्हचा मुख्य डीसी पुरवठा) ३०० व्होल्ट. आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधला) ८ किलोओहमचा, सेकंडरीला (स्पीकरकडच्या गुंडाळीला) ४, ८, १६ ओहमचे टॅप (गुंडाळीतून काढलेल्या वायरी), स्पीकर ८ ओहमचा. फीडबॅक (आउटपुटचा थोडा सिग्नल मागे नेणारी वायर) जोडला की व्हॉल्यूम शून्यावर असूनही किंचाळतो. काढला तर वाजतो, पण आवाज दबलेला आणि लवकर फाटणारा. प्रायमरीच्या (व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीच्या) दोन अर्ध्यांचा रेझिस्टन्स १६५ आणि १९२ ओहम. ट्रान्सफॉर्मर जळाला समजायचं का?

ओहमकाका:
एवढ्या फरकावरून ट्रान्सफॉर्मरवर आळ घेऊ नका. आतल्या थराचा वेढा लहान, बाहेरचा मोठा. वेढे सारखेच असले तरी बाहेरच्या अर्ध्याला तार जास्त लागते.

किंचाळणं म्हणजे फीडबॅक उलटा लागलाय. दोन्ही ईएल८४च्या ७ नंबर पिनवरच्या प्लेटच्या (व्हॉल्व्हच्या आउटपुट टोकाच्या) वायरी आपसात बदला. सेकंडरीचं एक टोक चॅसीला असतं, तिकडे उलटापालट नको.

दबलेला आवाज ही वेगळी भानगड. वेढ्यांचं गुणोत्तर मोजा. प्लग काढा, फिल्टर कपॅसिटर २२ किलोओहम ५ वॉटच्या रेझिस्टरमधून रिकामे करा, मीटरवर शून्य दिसेपर्यंत थांबा. मग प्रायमरीच्या तिन्ही वायरी, स्पीकर आणि फीडबॅक सोडवा. प्लेट ते प्लेट, वेगळ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचे ६.३ व्होल्ट एसी द्या. ८००० भागिले ८, त्याचं वर्गमूळ ३१.६, हे गुणोत्तर. ६.३ भागिले ३१.६, म्हणजे ८ च्या टॅपवर ०.२० व्होल्ट यायला हवं.

निऑनदिवा:
हे ६.३ व्होल्ट चुकूनही सेकंडरीला देऊ नका, प्रायमरीवर २०० व्होल्ट उभे राहतील!
वेढे आतल्या आत शॉर्ट असल्याची शंका असेल तर सगळं सोडवलेलं असतानाच प्रायमरीला निऑन (छोटा निऑन दिवा) लावा आणि त्याच टोकांना ९ व्होल्टची बॅटरी क्षणभर टेकवून काढा. सुटताना निऑन चमकला तर ठीक. शॉर्ट वेढा ती उसळी गिळून टाकतो. टोकांना बोटं लावू नका, झटका चांगलाच बसतो.

तारवाला:
निऑन चमकतो. ८ म्हणून जोडलेल्या टॅपवर ०.२८ व्होल्ट आले.

ओहमकाका:
मग ट्रान्सफॉर्मर धडधाकट आहे, टॅप चुकलाय. ६.३ भागिले ०.२८ म्हणजे २२.५. त्याचा वर्ग ५०६, गुणिले ८, साधारण ४ किलोओहम. तुम्ही १६ चा टॅप ८ चा समजलात, त्यामुळे व्हॉल्व्हना निम्मंच लोड दिसतंय. कॉमनपासून (सेकंडरीच्या चॅसीला जोडलेल्या टोकापासून) बाकीचे दोन मोजा: ०.२० वाला ८ चा, ०.१४ वाला ४ चा. वायरींच्या रंगांवर विसंबू नका. स्पीकर ०.२० वाल्यावर घ्या, फीडबॅक मात्र सर्किटमध्ये ज्या टॅपवरून दाखवलाय तिथूनच.

स्पीकर जोडल्याशिवाय वाजवू नका. बिनलोड सिग्नल दिला की प्लेटवर व्होल्टेज भयंकर उसळतं आणि सॉकेटच्या पिनांमध्ये ठिणगी पडते. प्लेटच्या वायरी बदलल्यावर हळू आवाजात एखादा स्वर चालू ठेवून फीडबॅकची वायर इन्सुलेटेड क्लिपने क्षणभर टेकवा. आवाज खाली आला तर दिशा बरोबर, मग पक्का डाग द्या.