अप्रभावी जनुकं ‘विरून जातात’ म्हणे!

अबोली: ‘निळे डोळे अप्रभावी, म्हणून दर पिढीत घटणार आणि शेवटी संपणार’, हे रानवारा यांचं वाक्य वाचून डोकंच फिरलं. १९०८ साली गणितज्ञ हार्डी आणि डॉक्टर वाइनबर्ग यांनी, एकमेकांना न विचारता, हिशेब मांडून हे खोडून काढलंय. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. प्रभावी म्हणजे या जोडीत ज्याचा परिणाम दिसतो ते, अप्रभावी म्हणजे ज्याचा झाकला जातो ते. तेवढ्याने पुढच्या पिढीत त्याला जास्त जागा मिळत नाही. दहा हजारांत एकालाच लक्षण दिसत असेल, तरी साधारण पन्नासांत एक जण वाहक असतो, म्हणजे एक प्रत बाळगतो पण लक्षण दिसत नाही!

रानवारा: कागदावरचा हिशेब. प्रचंड लोकसंख्या, निवड नाही, कुणी येत-जात नाही, असं सगळं धरून चालायचं. लहान समूहात जनुक नुसत्या योगायोगाने नाहीसं होतंच.

अबोली: होतं, मान्य. पण योगायोग प्रभावी-अप्रभावी बघत नाही. पॅसिफिकमधलं पिंगलॅप बेट घ्या. १७७५च्या सुमाराच्या वादळातून जेमतेम वीसेक माणसं वाचली. पूर्ण रंगांधत्व, तेही अप्रभावी, इतरत्र अतिशय दुर्मीळ. तिथे मात्र शंभरांत चार ते दहा जणांना आहे. कुठे विरलं?

पिंपळपान: विषय निघालाच आहे म्हणून सांगते. माझी धाकटी बहीण जन्मली ती पांढऱ्या केसांची, पांढऱ्या पापण्यांची. ‘आमच्याकडे असं कुणी नाही’ हे आईने सासरी जन्मभर ऐकलं. बहीण पुस्तक नाकाला टेकवून वाचायला बसली की आई तिथून उठून जायची.

रानवारा: वाईट वाटलं. पण वडिलांच्या घराण्यात खरंच कुणी नसेल, तर आईकडून आलं म्हणण्यात चूक काय? डोळ्यांपुरता अल्बिनिझम (रंगद्रव्याचा जन्मजात अभाव) आईच्या एक्स गुणसूत्रावरून येतोच की.

पिंपळपान: तो बहुतेक मुलग्यांना होतो, आणि त्यात केस असे पांढरे नसतात. बहिणीला लागल्या बिघडलेल्या दोन प्रती. एक आईची, एक बाबांची! दोघांचेही केस काळेभोर. प्रत्येक मुलाच्या वेळी चारांत एक शक्यता. मी आणि दादा सुटलो, इतकंच. वाहक दिसत नाही, हे अबोलीने पहिल्याच प्रतिसादात लिहिलंय. वाचायचं तरी होतं.

रानवारा: ठीक. ‘घटणार, संपणार’ मागे घेतो. लहान समूहांचं घेत नाही. आईबद्दलचं वाक्य खोडतो.

पिंपळपान: खोडू नका. त्याच्याखाली बरोबर काय ते लिहा. माझे काका हा धागा वाचतात.